सगळे वकील गायब: जीडीबीएममध्ये ‘नोंद सापडत नाही’ पुन्हा पुन्हा का येतं

“दादा, बाकी सगळे सापडतात हो, फक्त वकील मंडळी सापडत नाहीत.”

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. सभासदांच्या नोंदी ठेवणारा तो छोटा सी प्रोग्राम मीच लिहून दिलेला. ‘नोंद सापडत नाही’ ही तक्रार त्याआधीही तीन-चार वेळा आली होती आणि दर वेळी मी ती ‘कायमची’ मिटवली होती. वकिलांवर शेवटी येतो. आधी बाकीची कारणं, कारण तुमच्याकडे बहुधा त्यांतलंच एखादं असेल.

प्रोग्राम जीडीबीएम या सी लायब्ररीवर चालतो. एक फाइल, तिच्यात की (जिच्यावरून नोंद शोधायची ती खूण, आमच्याकडे सभासदाचं नाव) आणि तिची व्हॅल्यू (म्हणजे नोंद), एवढाच मामला. सर्व्हर नाही, एसक्यूएल नाही. घराणं जुनं: १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये केन थॉम्पसन यांची डीबीएम होती, १९८६ साली ४.३ बीएसडीबरोबर एनडीबीएम आली, आणि जीडीबीएम हे त्यांचं जीएनयू भावंड. लिनक्सवर मॅन पानांची, म्हणजे आदेशांच्या मदतपानांची, सूची ठेवायला मॅन-डीबी हीच लायब्ररी वापरते. म्हणजे लायब्ररी बिघडली असण्याची शक्यता जवळपास शून्य. माझ्या बाबतीत तर प्रत्येक वेळी चूक माझीच निघाली.

(फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. हेडर फाइल उघडलीत तर लगेच ओळखू येतील.)

सगळं ज्याभोवती फिरतं ते स्ट्रक्चर म्हणजे ‘डेटम’. त्यात दोनच गोष्टी: ‘डीपीटीआर’ हा पॉइंटर आणि ‘डीसाइझ’ ही बाइटमधली लांबी. ही स्ट्रिंग आहे, हा आकडा आहे, हे मराठी आहे, यातलं लायब्ररीला काहीही कळत नाही. ती दिलेल्या बाइटांचा हॅश, म्हणजे जागा ठरवणारा एक आकडा, काढते (त्यात लांबीही धरलेली असते), त्या जागी जाते, आणि लांबी व बाइट दोन्ही तंतोतंत जुळले तरच नोंद देते. एक बाइट इकडचा तिकडे झाला, तर तिच्या लेखी ती वेगळी की.

म्हणून कोड वाचत बसण्याआधी बाइट बघा.

पंधरा ओळींचं एक फंक्शन लिहून ठेवा. डेटम घ्यायचा, आधी डीसाइझ छापायची, मग प्रत्येक बाइट दोन अंकी हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत). ठेवताना, शोधताना आणि ‘जीडीबीएम_फर्स्टकी’ व ‘जीडीबीएम_नेक्स्टकी’ने फाइलीतल्या सगळ्या की फिरताना, तिन्हीकडे तेच फंक्शन वापरा. छापताना बाइट ‘अनसाइन्ड कॅर’मध्ये कास्ट करायला विसरू नका. आपल्या नेहमीच्या पीसीवर साधा कॅर चिन्हासकट असतो आणि देवनागरीचा यूटीएफ-८ मधला (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीतला) प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा. कास्ट नसेल तर ‘ई०’च्या जागी ‘एफएफएफएफएफएफई०’ असं लांबलचक काहीतरी छापून येतं. इंग्रजी नावांवर चाचणी केलीत तर ही गफलत दिसतही नाही. मी एक अख्खी संध्याकाळ त्या एफएफकडे बघत, फाइलच खराब झाली असं समजून घालवली आहे.

‘जीडीबीएमटूल’ हे आयतं साधनही आहे. ‘काउंट’ दिलं तर किती नोंदी ते कळतं, ‘लिस्ट’ दिलं तर सगळ्या दिसतात. मात्र त्यातून एखादी की शोधताना शेवटच्या शून्याचा जो घोळ पुढे सांगतोय तो तिथेही होतोच. ‘टूललासुद्धा सापडत नाही, म्हणजे नोंद नाहीच’ असा निष्कर्ष काढू नका.

ठेवली एका प्रोग्रामने, शोधली दुसऱ्याने, मिळाली नाही

हे सगळ्यात नेहमीचं. नोंदी भरणारा प्रोग्राम लिहिताना मी ‘की.डीसाइझ = स्ट्रलेन(नाव) + १’ असं लिहिलं होतं, शेवटच्या शून्य बाइटसकट. सहा महिन्यांनी शोधणारा प्रोग्राम लिहिताना +१ विसरलो. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १२ बाइट. ठेवलेली की १३ बाइटांची, शोधलेली १२ ची. स्क्रीनवर दोन्ही ‘पुणे’च.

+१ घ्यायचं का नाही, यावर लोक बरंच भांडतात. माझं मत: कीमध्ये शून्य कधीच घेऊ नये. उद्या तीच फाइल पायथॉनच्या डीबीएम मॉड्यूलने किंवा पर्लमधून उघडाल तेव्हा त्या भाषा स्वतःहून शून्य लावत नाहीत आणि पुन्हा हाच खेळ सुरू होतो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे डेटम भरण्याचं काम प्रोग्रामभर विखरू नका. स्ट्रिंग घेऊन डेटम देणारं एकच फंक्शन ठेवा आणि डीसाइझला दुसरीकडे कुठेही हात लावू नका. पुढची अर्धी दुखणी या एका फंक्शनने टळतात.

व्हॅल्यूमध्ये शून्य ठेवलं नसेल तर वाचताना ते आपलं आपण लावावं लागतं. मिळालेला डीपीटीआर थेट ‘प्रिंटएफ’च्या टक्का-एसला दिला तर नावामागे कचरा छापून येतो, तोही रोज वेगळा. टक्का-टिंब-तारा-एस वापरा आणि लांबी म्हणून डीसाइझ द्या.

रा वरून सुरू होणारे सगळे एकच माणूस झाले

ही चूक माझी नव्हे, मदतीला आलेल्या एका विद्यार्थ्याची. पण इतकी देखणी आहे म्हणून सांगतो. त्याने डीसाइझमध्ये ‘साइझऑफ(नाव)’ लिहिलं. ‘नाव’ फंक्शनला पॅरामीटर म्हणून आलेलं, म्हणजे पॉइंटर, म्हणजे ६४ बिटी मशीनवर ८. कोणतंही नाव दिलं तरी की फक्त पहिल्या आठ बाइटांची.

आता मजा बघा. ‘रा’चे सहा बाइट. त्यापुढच्या अक्षराचे दोनच बाइट कीमध्ये येतात, आणि देवनागरीतल्या क ते ह सगळ्या व्यंजनांचे पहिले दोन बाइट एकच: ई०, ए४. फरक असतो तो तिसऱ्या बाइटात, आणि नेमका तोच कापला गेला. म्हणजे राम, राजेंद्र, राहुल, राधा या सगळ्यांची की एक. ‘जीडीबीएम_रिप्लेस’ लावलेलं असल्याने प्रत्येक नवा ‘रा’ आधीच्या ‘रा’ला पुसत गेला. संगणकावर राधा शोधली की राहुल हजर. ‘काउंट’चा आकडा भरलेल्या अर्जांपेक्षा बराच कमी दिसला तेव्हा उलगडा झाला.

उलट ‘नाव’ हा पन्नास बाइटांचा ॲरे असेल तर साइझऑफ ५० देतो, आणि नावामागे ॲरेत पडून राहिलेला जुना कचराही कीचा भाग होतो. तेव्हा नोंद कधी सापडते, कधी नाही. या ‘कधी कधी’ने माणूस वेडा होतो.

फाइलीतून भरलेल्या नोंदी सापडत नाहीत, हाताने भरलेल्या सापडतात

‘एफगेट्स’ ओळीच्या शेवटचं न्यूलाइन सोबत घेऊन येतं. हेक्समध्ये शेवटी ‘०ए’ दिसलं तर तेच. फाइल विंडोजवरून आली असेल तर त्याआधी ‘०डी’ही असतो. न्यूलाइन काढणारे बरेच लोक तो विसरतात, आणि टर्मिनलवर तो दिसत नाही. ‘स्ट्रसीस्पॅन’ने दोन्ही चिन्हं एकदम शोधून तिथे शून्य टाका.

याचाच एक चुलतभाऊ आहे: यादीतला फक्त पहिला सभासद सापडत नाही, बाकी सगळे बिनतक्रार. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून फाइल काढली की तिच्या सुरुवातीला ‘ईएफ बीबी बीएफ’ असे तीन बाइट येतात. ते पहिल्या नावाला चिकटतात. वाचायला सुरुवात करताना ते तीन बाइट तपासून वगळा.

की म्हणून स्ट्रक्चर वापरलं असेल तर

विभागाचं एक अक्षर आणि सभासद क्रमांकाचा इंट अशी जोडी स्ट्रक्चरमध्ये घालून तेच की म्हणून दिलं, तर कंपायलर अक्षरामागे साधारणपणे तीन रिकामे बाइट सोडतो. स्ट्रक्चर आठ बाइटांचं, त्यातले पाच तुम्ही भरलेले आणि तीनमध्ये स्टॅकवर आधी जे काही होतं ते. लायब्ररी त्या तिघांनाही तुलनेत धरते. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवलंत तर न भरलेल्या बाइटांबद्दल तो कटकट करतो. ती कटकट ऐका.

‘मेमसेट’ने आधी सगळं शून्य करणं हा प्रचलित उपाय. चालतो, पण सीचं मानक त्या रिकाम्या बाइटांची हमी देत नाही. मी ‘एसएनप्रिंटएफ’ने ‘बी-००४१२’ अशी साधी स्ट्रिंग बनवतो. की डोळ्यांनी वाचता येते आणि मशीन बदललं तरी अर्थ बदलत नाही.

सापडत नाही का उघडतच नाही?

नोंद काढून आणणाऱ्या ‘जीडीबीएम_फेच’नंतर डीपीटीआर नल आला म्हणून सरसकट ‘नोंद नाही’ असं छापू नका. ‘जीडीबीएम_एररनो’ बघा. तिथे ‘आयटम नॉट फाउंड’ असेल तरच नोंद नाही. बाकी काहीही असेल तर वाचनातच अडचण आहे, ‘जीडीबीएम_स्ट्रएरर’ने ती छापून घ्या.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. रोज सकाळी फाइल रिकामी होत असेल तर उघडताना ‘जीडीबीएम_न्यूडीबी’ दिलेलं आहे का बघा; ते आधीची फाइल पुसून नवी करतं. ‘असेल तर उघड, नसेल तर बनव’ यासाठी ‘जीडीबीएम_डब्ल्यूआरक्रीएट’ आहे. परवानगीचा आकडा ०६४४ असाच लिहा, पुढचं शून्य गेलं तर तो अष्टमान राहत नाही आणि फाइलीला भलत्याच परवानग्या मिळतात. ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ आलं तर दुसऱ्या खिडकीत तोच प्रोग्राम लिहिण्यासाठी उघडा आहे: एका वेळी एक लिहिणारा, किंवा कितीही वाचणारे, दोन्ही मिळून नाही. कंपाइल करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला तर लायब्ररीचा पर्याय आदेशात तुमच्या सी फाइलीच्या नंतर लिहा.

बंद करण्याबद्दल मात्र थोडं थांबून. जीडीबीएम लिहिलेलं सगळं लगेच डिस्कवर टाकत नाही, काही भाग स्वतःच्या कॅशमध्ये धरून ठेवते. ‘जीडीबीएम_क्लोज’ न करता प्रोग्राम मेला तर शेवटच्या नोंदी जाऊ शकतात, फाइलही अर्धवट राहू शकते. आमच्याकडे बाई काम संपलं की कंट्रोल-सी दाबायच्या, कारण ‘बाहेर पडा’ हा पर्याय मी मेनूच्या दुसऱ्या पानावर ठेवला होता. सिग्नल हँडलरमध्ये फक्त एक खूण करा आणि मुख्य लूपमध्ये ती पाहून नीट क्लोज करा. हँडलरमधूनच जीडीबीएमचं फंक्शन बोलवायचं धाडस नको. महत्त्वाच्या नोंदीनंतर ‘जीडीबीएम_सिंक’ करायला हरकत नाही. वीज जाण्याचीच धास्ती असेल तर २०२१ च्या १.२१ आवृत्तीपासून अशा अपघातात टिकून राहण्याची सोय मिळते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. (आणि हो, ‘बाहेर पडा’ आता पहिल्या पानावर आहे.)

मेमरी वाढत जात असेल तर: जीडीबीएमचं फेच मॅलॉक केलेली जागा देतं, ती ‘फ्री’ करणं आपल्याकडे. एनडीबीएमचं ‘डीबीएम_फेच’ मात्र लायब्ररीच्या स्वतःच्या जागेकडे बोट दाखवतं, तिथे फ्री केलंत तर प्रोग्राम आपटतो. जुना एनडीबीएमचा कोड जीडीबीएमवर आणताना, किंवा उलट, हे हमखास चुकतं.

आता वकील

बाईंकडे गेलो. स्क्रीनवर ‘ॲड.’ने सुरू होणारं नाव त्यांनी टाइप केलं, प्रोग्राम म्हणाला नोंद सापडत नाही. ‘सगळे सभासद’ दाबलं, तर नाव समोर. अक्षर न् अक्षर तेच. मी +१ तपासलं, न्यूलाइन तपासलं, सगळं जागच्या जागी. शेवटी हेक्स काढलं. फाइलीतल्या कीची सुरुवात ‘ई० ए४ ८५ ई० ए५ ८५’, बाईंनी टाइप केलेल्याची ‘ई० ए५ बी२’.

‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी ते ‘अ’ टाइप करून त्यावर वेगळा अर्धचंद्र देऊन लिहायचे, आणि अनेक कीबोर्ड अजूनही तसंच लिहितात. एक अक्षर तीन बाइटांचं, दुसरं सहाचं. नोंदी भरल्या होत्या जुन्या संगणकावर, शोध चालू होता नव्या कीबोर्डवर. आणि आमच्या सभासदांत ‘ॲ’ कुणाच्या नावात येतो? ज्यांच्या नावापुढे ‘ॲड.’ आहे त्यांच्याच.

इथे युनिकोडचं ठरावीक सामान्यीकरण, एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका रूपात आणणं), लावून काम भागेल असं वाटतं. भागत नाही. ‘र’ अधिक नुक्ता आणि सुटा ‘ऱ’ यांना ते एक करतं, पण ‘अ’ अधिक अर्धचंद्र आणि ‘ॲ’ ही युनिकोडच्या लेखी दोन निराळी लेखनं आहेत. ‘ऑ’चंही तसंच. शिवाय बोऱ्हाडे, कऱ्हाडे यांच्यातला अर्धा ऱ: कुणी ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहितं, कुणी ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं. तेव्हा छोटं कोष्टक आपणच करावं लागतं, आणि ते त्या डेटम बनवणाऱ्या एकमेव फंक्शनमध्ये बसवायचं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीचं ‘ऱ, हलन्त’ करा, मगच उरलेले अदृश्य जोडक आणि विजोडक काढून टाका. उलटं केलंत तर आचाऱ्यांचे आचार्य होतील, आणि दऱ्या शोधायला निघालेला माणूस दर्यात जाऊन पडेल. हा बदल फक्त कीमध्ये करा. नाव जसं लिहिलं होतं तसं व्हॅल्यूमध्ये राहू द्या. छापायचं ते तिथून.

नवं फंक्शन बसवलं म्हणजे काम संपलं असं नाही, कारण फाइलीतल्या जुन्या की अजून जुन्याच रूपात आहेत. मोह होतो तो फिरता फिरता जुनी की काढून नवी टाकण्याचा. ते करू नका. फिरण्याच्या मधेच ठेवणं-काढणं केलं तर हॅश कोष्टकातल्या जागा हलतात आणि काही नोंदींना भेटच होत नाही. जुनी फाइल फक्त वाचण्यासाठी उघडा, शेजारी नवी बनवा (न्यूडीबीची योग्य जागा ही), एकेक नोंद इकडून तिकडे न्या, शेवटी दोन्ही बंद करून नाव बदला. जुनी फाइल महिनाभर तरी ठेवा. लूपमध्ये आधी नेक्स्टकी मागा, नंतरच हातातली की फ्री करा. उलट क्रम केला तर फ्री केलेल्याच जागेवरून पुढची की शोधली जाते, आणि ते बरेचदा चालतंही, म्हणून जास्त वाईट.

नव्या फाइलीत लिहिताना ‘जीडीबीएम_रिप्लेस’ नाही, ‘जीडीबीएम_इन्सर्ट’ द्या. की आधीच असेल तर ते १ परत देतं. आमच्याकडे ते बऱ्याचदा १ आलं. नोंद सापडत नाही म्हणून बाईंनी कंटाळून काही वकिलांची नवी नोंद केली होती, आता दोन्हींची की एक झाली. प्रोग्रामने तशा जोड्यांची यादी वेगळी छापली आणि मी ती बाईंच्या टेबलावर ठेवली. पहिल्याच जोडीत जुन्या नोंदीवर तीन पुस्तकं बाकी होती, नवी कोरी. रिप्लेस लावलं असतं तर ती तीन पुस्तकं वकील साहेबांना कायमची मिळाली असती.